धागा: हळदीची पट्टी मिळते, माहितीची का मिळत नाही?

यार्डातला दिवाणजी

नमस्कार मंडळी. मी गेली एकवीस वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळद आणि बेदाणा. शेतकऱ्याची पोती उतरतात, वानगी म्हणजे मालाचा नमुना निघतो, सौदा होतो, काट्यावर वजन होतं आणि मग मी पट्टी, म्हणजे हिशेबाचा कागद, करतो. पोती किती, भरती किती, भाव काय निघाला, हमाली किती, तोलाई किती, हातात रक्कम किती. शाळेचं तोंड न पाहिलेला म्हातारासुद्धा पट्टी घेतल्याशिवाय यार्डाच्या गेटबाहेर पडत नाही. शेजारच्याकडून वाचून घेतो, पण घेतो.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. वडिलांची साखर तपासायची होती. लॅबमध्ये नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर दिला. रिपोर्ट फोनवर आला. तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली, म्हणून त्या रात्री मीही माझ्या फोनवर त्याबद्दल बरंच वाचत बसलो. चौथ्या दिवशी वडिलांच्या फोनवर एका बाईंचा कॉल. नाव घेऊन, अदबीनं, "काका, शुगरसाठी आपल्याकडे कोर्स आहे." दुपारी दुसरा कॉल, आरोग्य विम्याचा. वडील सोप्यात बसले होते. फोन मांडीवर ठेवला आणि मला म्हणाले, "माझी साखर त्या बाईला कुणी सांगितली? मी तर अजून तुझ्या आत्यालासुद्धा सांगितली नाही."

मला उत्तर देता आलं नाही. लॅबनेच दिलं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. माझ्या शोधण्यातून गेलं असेल, औषधाच्या दुकानातून गेलं असेल, एखाद्या ॲपनं रिपोर्टचा मेसेज वाचला असेल. कुठल्या वाटेनं गेलं हे शोधायला मला काही साधनच नाही. माल माझ्या वडिलांचा. विकला कुणी, घेतला कुणी, भाव काय आला, काहीच कळलं नाही. तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

मी फोनविरोधी नाही. दुकानाचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर मीच आणला. पण या मोठ्या कंपन्यांवरचा माझा विश्वास पार उडाला आहे, आणि मला वाटतं आपण सगळ्यांनी एकच गोष्ट मागायला हवी: पट्टी. आमच्याकडून काय नेलं, कुणाला दिलं, त्यावर काय मिळवलं. तुमचे अनुभव लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.

हरिपूररोड

दिवाणजी, वडिलांना आलेल्या फोनचं वाईट वाटलं. पण थोडी दुसरी बाजू. मी निवृत्त माणूस, माझ्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो आणि भजनं आहेत. लपवण्यासारखं काही नाही. मला रस्ता सापडतो, मुलीशी बंगलोरला फुकट बोलता येतं. २०१९ च्या महापुरात आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली जिना पाण्यात. वीज नाही, फोनला अठरा टक्के बॅटरी. त्या फोनवरून मुलीला लोकेशन पाठवलं, तिनं ते पुढे पाठवलं आणि बोट नेमकी आमच्या घराशी आली. त्या दिवसापासून मला या कंपन्यांना नावं ठेववत नाहीत.

यार्डातला दिवाणजी

हरिपूररोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या पुरात आमच्याही घरात छातीइतकं पाणी होतं, त्यामुळे तुम्ही काय म्हणता ते मला पोचतं.

पण बघा, तुम्ही लोकेशन *पाठवलंत*. कुणाला पाठवायचं ते तुम्ही ठरवलं, का पाठवायचं ते ठरवलं. व्हॉट्सॲपवर लाईव्ह लोकेशन द्यायचं तर ते आधी विचारतं, १५ मिनिटं, १ तास की ८ तास. वेळ संपली की बंद. हा चोख व्यवहार झाला. आता दुसरा बघा. २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं दाखवून दिलं की गूगलचं 'लोकेशन हिस्टरी' बटण बंद केलं तरी ठिकाणं साठवली जात होती, कारण 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' नावाचं दुसरं बटण वेगळं होतं आणि ते चालू होतं. सामान्य माणसानं एक दार लावलं आणि निवांत झोपला, मागचं दार सताड उघडं. अमेरिकेतल्या ४० राज्यांनी या प्रकरणाची चौकशी केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये गूगलनं ३९.१५ कोटी डॉलर देऊन ते मिटवलं. आता गूगल ही टाइमलाइन फोनमध्येच ठेवतं. सुधारणा झाली, पण ती बोंब झाल्यावर झाली.

आणि "लपवण्यासारखं काही नाही" याबद्दल. माझे आजोबा आटपाडीच्या बाजारात खिलार बैलांचे व्यवहार करायचे. लहानपणी मी त्यांच्याबरोबर जायचो. भाव तोंडानं कधीच बोलायचे नाहीत. दोघं समोरासमोर उभे, हातावर उपरणं टाकलेलं, आणि उपरण्याखाली बोटं. एक बोट दाबलं, दोन दाबली, मान हलली, व्यवहार झाला. भोवती पन्नास माणसं उभी असायची, कुणाला आकडा कळायचा नाही. त्यात पाप काही नव्हतं. बैल विकणाऱ्याची अडचण चारचौघांत उघडी पडू नये, एवढंच. घरात लग्न आहे का, सावकाराचं देणं आहे का, हे समोरच्याला कळलं की भाव पडतो. खाजगीपणा हे शहरी किंवा परदेशी खूळ आहे असं कुणी म्हटलं की मला ते उपरणं आठवतं.

मिरजकरीण

दिवाणजींना शंभर टक्के अनुमोदन. "लपवण्यासारखं काही नाही" हे बायकांना फार कमी वेळा म्हणता येतं, म्हणून लिहिते.

कॉलेजात असताना मी एका दुकानात रिचार्ज करायचे. दुकानदार वहीत नंबर लिहून घ्यायचा. त्या वहीतून माझा नंबर गेला आणि पुढचे आठ महिने रात्री-अपरात्री मिस्ड कॉल, मेसेज. भावाला सांगावं तर तो दुकानात जाऊन भांडणार. वडिलांना सांगावं तर फोनच काढून घेणार. शेवटी सिम बदललं आणि चूक माझीच असल्यासारखं गप्प बसले. तेव्हा एक वही होती. आता ती वही प्रत्येक काउंटरवर आहे, आणि तिची पानं कुठवर जातात ते काउंटरवरच्या पोराला पण माहीत नाही.

परवा एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात बिल करायला उभी होते. "मॅडम, नंबर?" म्हटलं, नाही देणार. "नंबर टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही." मागे रांग. लोक बघतायत. मी सांगितलं, ग्राहक व्यवहार मंत्रालयानं मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलंय की नंबरसाठी अडवायचं नाही. त्यानं मॅनेजरला हाक मारली. मॅनेजरनं दुकानाचाच नंबर टाकला आणि बिल निघालं. दोन मिनिटांचं काम. म्हणजे सिस्टीम पुढे जाते. तिला अडायला शिकवलेलं असतं.

पुण्यातला सांगलीकर

मूळचा विश्रामबागचा, आता पुण्यात. काही वर्षं जाहिरात-तंत्रज्ञानाच्या कंपनीत काम केलंय, त्यामुळे आतून पाहिलेलं सांगतो. दिवाणजींना हे यार्डाच्या भाषेत लगेच कळेल.

तुम्ही एखादं बातम्यांचं पान उघडता. पान दिसेपर्यंत, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, पाठीमागे एक सौदा होतो. पानावरच्या रिकाम्या चौकोनात कुणाची जाहिरात लावायची याचा. या सौद्यात बोली लावणाऱ्यांकडे एक चिठ्ठी जाते: फोन कुठला, साधारण ठिकाण कुठलं, कुठलं पान उघडलंय, आणि फोनचा जाहिरात क्रमांक, म्हणजे जाहिरातवाल्यांनी फोन ओळखायचा आकडा. त्यावरून प्रत्येक जण ताडून बघतो की हा माणूस आपल्याला हवा आहे का, आणि बोली लावतो. जो जिंकतो त्याची जाहिरात दिसते.

आता खरी गोम. यार्डात वानगी दहा व्यापारी हाताळतात, माल एकच घेतो आणि बाकीचे हात झटकून पुढच्या ढिगाकडे जातात. इथे वानगी म्हणजे तुमची माहिती. ज्यानं बोली जिंकली नाही, त्यालाही चिठ्ठी पोचलेली असते. तो ती साठवून ठेवतो का, हे तपासायला तिथे कुणी उभा नसतो. नियम आहेत, करार आहेत. पण मी तिथे असताना मला एकदाही असा माणूस भेटला नाही ज्याचं काम फक्त "चिठ्ठ्या पुसल्या का" हे बघण्याचं होतं. मी ती नोकरी सोडली त्याचं हे एकमेव कारण नाही, पण मोठं कारण हेच.

गूगल आणि मेटा (फेसबुक-व्हॉट्सॲपची कंपनी) म्हणतात की आम्ही तुमची माहिती विकत नाही. शब्द धरून बोलायचं तर त्यांचं खरं आहे. ते मूळ वही विकत नाहीत, ती तिजोरीत ठेवतात. "पन्नाशीपुढचा, शेतीबद्दल वाचणारा, सांगली परिसरातला" अशा माणसापर्यंत पोचायची वाट विकतात. २०२३ मध्ये गूगलच्या मूळ कंपनीच्या उत्पन्नातले तीन चतुर्थांशाहून जास्त पैसे जाहिरातींचे होते, मेटाचे तर ९५ टक्क्यांहून जास्त. मग वही जाड करत राहण्यातच त्यांचा फायदा.

एक गैरसमज मात्र दूर करतो. "आम्ही बोललो आणि लगेच जाहिरात आली, फोन ऐकतो" असं पुष्कळ लोक म्हणतात. सरसकट असं चालल्याचा पक्का पुरावा माझ्या पाहण्यात नाही. व्हॉइस असिस्टंट चुकून जागे होऊन रेकॉर्ड करतात, हे खरं. सिरीबद्दल तशा आरोपांच्या खटल्यात ॲपलनं २०२५ मध्ये आरोप अमान्य करत ९.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. पण जाहिरात नेमकी येण्यासाठी माईकची गरजच पडत नाही. तुमच्या बायकोनं त्याच वायफायवर मिक्सर शोधला, तुमच्या मित्रानं तुमचा नंबर त्याच्या संपर्कयादीसकट एखाद्या ॲपला दिला, एवढं पुरतं. मला तर ऐकण्यापेक्षा हे जास्त भीतीदायक वाटतं.

तासगावचा बागायतदार

शेवटचं वाक्य वाचून अंगावर काटा आला. आमच्याच घरात घडलंय.

चुलतभावाची एकरभर द्राक्षबाग. मागच्या छाटणीनंतर पाऊस लागून राहिला, दावण्या रोग आला, औषधाला पैसं कमी पडलं. सोसायटीचं कर्ज आधीच उचललेलं. पोरानं फोनवर एक कर्जाचं ॲप टाकलं. दहा मिनिटांत आठ हजार मंजूर, हातात आले पाच हजार दोनशे. मुदत सात दिवस. ॲप टाकताना 'अलाऊ, अलाऊ' करत गेला. त्यात संपर्कयादी बी गेली आणि फोटो बी.

सातव्या दिवशी पैसं भरायला जमलं नाही. आठव्या दिवशी सकाळी सहा वाजता मला फोन. मी म्हणजे जामीन न्हाई, साक्षीदार न्हाई, त्या ॲपचं नाव बी मला माहीत न्हाई. "तुमचा भाऊ चोर आहे." मग कृषी सेवा केंद्रवाल्याला, मग पुतणीच्या सोयरिकीसाठी ज्या घरी बोलणी चालू हुती त्या पाव्हण्यांना. भावाचा फोटो काहीबाही करून पाठवला. भाऊ चार दिवस बागेतल्या खोपीत बसून हुता, घराकडं फिरकला न्हाई. आम्ही रात्री आळीपाळीनं त्याच्याजवळ झोपायला जायचो. कशासाठी ते तुम्ही समजून घ्या.

मला एवढंच विचारायचंय. त्याच्या फोनात सहाशे नंबर हुते. त्या सहाशे माणसांनी कुठं 'अलाऊ' दाबलं हुतं?

पुण्यातला सांगलीकर

बागायतदार, भाऊ आता कसा आहे ते जरूर कळवा.

हे बेकायदेशीर आहे. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच डिजिटल कर्जाबद्दल नियम केले: कर्जाच्या ॲपला संपर्कयादी, कॉल लॉग, फोटो-फाईल यांना हात लावता येत नाही. कॅमेरा, माईक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं, एकदाच, आणि तेही परवानगी घेऊन. पुन्हा असे फोन आले तर १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार करा, स्क्रीनशॉट आणि कॉलच्या नोंदी पुसू नका.

तासगावचा बागायतदार

भाऊ बरा हाय. तक्रार केली, फोन थांबलं. सोयरीक मोडली ती मोडलीच.

खणभाग

माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. रोज वीस-पंचवीस फोन हातात येतात, त्यावरून सांगतो.

काल एक आजी आल्या, "फोन गरम होतोय" म्हणून. उघडून बघितलं तर टॉर्चची तीन ॲप. फोनला स्वतःची टॉर्च असताना! त्यातल्या एकाला लोकेशन, संपर्क, माईक, सगळ्याची परवानगी. आजींना विचारलं, हे कधी टाकलं? "जाहिरात आली, दाबलं." मी एक एक परवानगी काढताना त्यांना दाखवत होतो. "हा तुमची माणसं बघत होता. हा तुम्ही कुठं जाता ते बघत होता." आजी म्हणाल्या, "मी कुठं जातीय, गणपतीला नि भाजीला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पण त्याला कशाला पाहिजे ते?" हे टॉर्चचं प्रकरण जुनं आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये अशाच एका टॉर्चच्या ॲपवर तिथल्या व्यापार आयोगानं कारवाई केली होती, लोकेशन जाहिरातवाल्यांना देत होतं म्हणून.

ज्यांना करायचंय त्यांनी आज रात्री जेवणानंतर एवढं करा. सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर. लोकेशन आणि संपर्क या दोन याद्या उघडा. ज्या ॲपला कारण नाही त्याची परवानगी काढा. मग त्याच प्रायव्हसीत 'ॲड्स' मध्ये जाऊन जाहिरात क्रमांक डिलीट करा, वरच्या सांगलीकरांनी सांगितलेल्या चिठ्ठीतला तो क्रमांक हाच. अँड्रॉइड १२ पासून पुढे ही सोय आहे. गूगल खात्यात जाऊन ॲक्टिव्हिटी तीन महिन्यांनी आपोआप पुसायला लावा. पर्याय ३, १८ आणि ३६ महिन्यांचे आहेत, सगळ्यात कमी तोच. माझ्या दुकानात आलात तर मी करून देतो, याचे पैसे घेत नाही.

हरिपूररोड

खणभागांनी सांगितलेलं केलं. माझ्या लोकेशनच्या यादीत एकतीस ॲप निघाली. पंचांगाच्या ॲपला मी कुठे आहे ते सतत कळायला हवं होतं म्हणे. सूर्योदयाच्या वेळेसाठी असेल असं धरलं, तर संपर्कयादी कशाला? काढली.

पण माझा एक प्रश्न राहतोच. व्हॉट्सॲपवर तर सगळं कुलूपबंद असतं ना? तिथं तरी काळजी नाही, बरोबर?

पुण्यातला सांगलीकर

मजकूर कुलूपबंद असतो, ते खरं. २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे आणि ते चांगल्या दर्जाचं आहे. तुम्ही मुलीला काय लिहिलं ते कंपनीला वाचता येत नाही. पण पाकीट बंद असलं तरी पोस्टमनला पाकिटावरचं दिसतंच: कुणी, कुणाला, कधी, किती वेळा. वडील रोज रात्री अकराला एका कर्करोगतज्ज्ञाला फोन करतात एवढं कळलं, तर बोलणं ऐकायची गरज उरत नाही. आणि बॅकअपचं एन्क्रिप्शन वेगळं चालू करावं लागतं, ते बहुतेकांचं बंद असतं. आजच तपासा.

कंपनीच्या शब्दावर किती विसंबायचं, त्याचा इतिहास हा. २०१४ मध्ये फेसबुकनं व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा युरोपियन आयोगाला सांगितलं की दोन्हीकडची खाती भरवशानं आपोआप जुळवता येणार नाहीत. २०१६ मध्ये जुळवायची तयारी जाहीर केली. चुकीची माहिती दिली म्हणून २०१७ मध्ये आयोगानं ११ कोटी युरो दंड केला. आपल्याकडे २०२१ मध्ये "नव्या अटी मान्य करा" असा व्हॉट्सॲपचा तगादा लागला होता, आठवत असेल. त्यावरून स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड ठोठावला. आणि २०२५ मध्ये व्हॉट्सॲपच्या अपडेट्स टॅबमध्ये जाहिराती आणायचं जाहीर झालं.

गावभाग

वाचतोय, चांगला धागा. लॉजवर आधारची झेरॉक्स देताना मास्क्ड आधार द्या, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साईटवरून उतरवता येतं.

एक शंका. सरकारकडं तर याहून जास्त माहिती आहे. मग कंपन्यांनाच का धारेवर धरायचं?

यार्डातला दिवाणजी

गावभाग, दोघांनाही धरायचं. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि तो निकाल सरकारविरुद्धच्याच खटल्यात आलेला आहे. २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची वाट ठेवली आहे, हे मला पटलेलं नाही.

पण त्याच कायद्यात माझी पट्टी आहे. कलम ११. आपण संमती देऊन ज्यांना माहिती दिली त्यांच्याकडे मागता येतं: माझी कुठली माहिती तुमच्याकडे आहे, तिचं काय करता, आणि कुणाकुणाला दिली त्यांची नावं. कलम १२ खाली ती दुरुस्त करायला किंवा पुसायला सांगता येतं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यात १८ महिने दिलेत, म्हणजे कंपनीला सक्तीनं उत्तर द्यावं लागायला २०२७ उजाडेल. तोवर हात जोडून बसायचं असं कुठं लिहिलंय? विचारायला आजही बंदी नाही.

हरिपूररोड, गाव सगळं व्हॉट्सॲपवरच आहे, तिथून उठून जा असं मी कुणाला सांगत नाही. माझे व्यापारी, माझे शेतकरी, सौद्यांचे भाव सगळं तिथंच. यार्डात तरी शेतकरी यायचा थांबला का? तो येतो आणि पट्टी मागतो.

मिरजकरीण

दिवाणजी, मग लॅबला विचारलंत का?

यार्डातला दिवाणजी

विचारलं. आज सकाळी दुकानात जायच्या आधी गेलो. वडीलही बरोबर आले, मी नको म्हणत असताना. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहून नेला होता: माझ्या वडिलांचा रिपोर्ट आणि नंबर तुम्ही कुणाला दिला, कुठल्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवता, आणि नंबर काढून टाका. काउंटरवरची मुलगी घाबरली. म्हणाली, असा अर्ज कधी कुणी दिलाच नाही. तिच्यावर आवाज चढवायचा प्रश्नच नव्हता, ती बिचारी पगारी माणूस. तिनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, रिपोर्ट पाठवायचं काम बाहेरच्या एका एजन्सीकडे आहे, त्यांना विचारावं लागेल. म्हणजे एक नाव तर आताच पुढं आलं, जे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

अर्ज ठेवून घेतला. वडिलांनी विचारलं, "पोच?" मुलीनं शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. ती पोच त्यांनी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली आहे, मला द्यायला तयार नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं ठरलंय. काय उत्तर येतं ते इथंच लिहितो.